जुन्या पिस्तुलाची जन्मतारीख

नोंदणी खात्यात उभी हयात घालवून दुय्यम निबंधकाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आमचे रावसाहेब आणि कारखान्याच्या टूलरूममध्ये पोलादाशी झटापट करता करता नेमबाजीचे वेड लागून पुढे मुलांना तीच विद्या शिकवू लागलेले मास्तर, या दोघांचे एखाद्या विषयावर विनातक्रार एकमत झाल्याचे कोल्हापुरात कोणाच्या ऐकिवात नाही. आणि तरीही, किंवा बहुधा त्यामुळेच, रावसाहेबांच्या ओसरीवरचा सायंकाळचा चहा मास्तरांवाचून होत नाही. अलीकडे या चहाला एक नवे निमित्त मिळाले. रावसाहेबांची नात क्लबाच्या पिस्तुलावर दहा मीटरची नेमबाजी शिकते आहे. ज्या गावच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले, त्या गावात असल्या छंदाचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु क्लबाचे पिस्तूल दहा हातांत फिरणारे, नव्या परदेशी पिस्तुलाची किंमत पेन्शनीच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा वापरलेले, पण चांगल्या वळणाचे एखादे पिस्तूल मिळते का, याचा शोध सुरू झाला. पुण्याच्या एका वृद्ध नेमबाजाने आपल्याकडील तीन नगांचा तपशील छायाचित्रांसह कळवला, आणि त्यांपैकी एक नग, ज्याला परवाना लागत नाही, पाहण्यासाठी म्हणून विश्वासू माणसाबरोबर धाडूनही दिला.

पेटी उघडली गेली, हिरव्या बनातीवर निजलेले ते काळे, लांबट जनावर रावसाहेबांनी चष्मा सावरून न्याहाळले, आणि त्यांच्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न त्यांच्या उभ्या नोकरीला साजेसाच होता.

“याची जन्मतारीख काय?”

“ती कळून तुम्ही काय करणार?” मास्तर म्हणाले.

“काय करणार म्हणजे? मास्तर, ज्या वस्तूची तारीख ठाऊक नाही तिची किंमत करायची कशी? बैलबाजारात शेतकरी आधी बैलाचा जबडा उघडतो. दोन दाती की चार दाती की सहा दाती, हे पाहिल्यावाचून तो रुमालाखाली हात घालत नाही.”

“आणि बैल जुळलेला असला तर? आठही दात आले की जबडा बोलायचा थांबतो. मग तोच शेतकरी खूर पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. तुमच्यासमोर हे जे पडले आहे ते केव्हाच जुळले आहे, रावसाहेब.”

समोर पडलेले पिस्तूल होते फाइनवेर्कबाऊचे मॉडेल ६५. नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फ गावी, माउझरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गर या दोन अभियंत्यांनी महायुद्धानंतर उभ्या केलेल्या या पेढीने १९६५ साली ते बाजारात आणले आणि पुढे कित्येक वर्षे जगभरच्या क्लबांतून ते दिसत राहिले. त्याच्या डाव्या अंगाला एक लांब दांडा आहे. तो ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाऊन अडकते, आणि चाप दाबला की ती सुटून दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्यापुढची हवा आवळली जाऊन छऱ्याला नळीतून बाहेर काढते. आता जड दट्ट्या पुढे धावला की हाताला हिसका बसायचाच, आणि छरा नळीतून बाहेर पडण्याआधी बसलेला हिसका म्हणजे चुकलेला नेम. यावर ओबर्नडोर्फच्या कारागिरांनी काढलेली तोड अशी की, त्याच क्षणी नळीसकट सगळी यंत्रणा दोन रुळांवरून किंचित मागे सरकते आणि हिसका तिच्यातच जिरून जातो. मुठीपर्यंत तो पोहोचतच नाही. मास्तरांनी दांडा ओढून ही हालचाल रावसाहेबांना दाखवली, आणि दांडा उघडा असताना चापाला चुकूनही बोट लावायचे नाही, नाहीतर तो दांडा बोटांची गय करणार नाही, ही ताकीदही दिली. रावसाहेबांनी हात मागे घेतला, पण भिंग पुढे केले.

“येथे शिक्का कोणता आहे?” त्यांनी विचारले. “मी वाचले आहे की जर्मनीत १९७० पासून साडेसात ज्यूलपर्यंतच्या हवाई हत्यारांवर पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर उमटवतात, ते हत्यार तेथील प्रौढ माणसाला परवान्यावाचून घेता येते याची ती खूण. हे पाहा, येथे पंचकोन दिसत नाही. म्हणजे पिस्तूल १९६५ आणि १९६९ यांच्या दरम्यानचे! आरंभीच्या काळातला नग!”

“तुम्ही कचेरीत बसून असाच न्याय करीत होता काय?” मास्तर हसून म्हणाले. “पंचकोन असता तर पिस्तूल १९७० नंतरचे म्हणता आले असते, पण तो नाही यावरून ते आधीचे, हे कसे? तो शिक्का जर्मनीतल्या विक्रीसाठी. जो माल परस्पर परदेशी रवाना झाला त्यावर तो नसला तर त्यात नवल कसले?”

रावसाहेब क्षणभर थांबले. प्रतिपक्षाचा मुद्दा रास्त असला की तो मान्य करण्यापूर्वी चहाचा एक घोट घेण्याची त्यांची रीत आहे. “कबूल,” ते म्हणाले. “शिक्का असणे हा पुरावा, नसणे ही केवळ शंका. मग दुसरी कड घ्या. येथे देशाचे नाव ‘पश्चिम जर्मनी’ असे कोरले आहे. ते राज्य १९९० च्या ऑक्टोबरात दुसऱ्या जर्मनीशी एक झाले. म्हणजे खालची मर्यादा १९६५, वरची मर्यादा १९९०, शिलकी माल काही काळ मागे रेंगाळला असेल तो वेगळा. आता अनुक्रमांक कारखान्याला कळवून विचारणा करावी, आणि पेटीत ते चाचणीचे कार्ड सापडले तर पाहावे.”

कार्ड सापडले. स्पर्धेच्या दर्जाच्या जर्मन हवाई हत्यारांबरोबर कारखान्यात शिकंज्यात धरून झाडलेल्या छऱ्यांचे एक लक्ष्यपत्र द्यायची चाल आहे. त्यावर हत्याराचा क्रमांक असतो, आणि एकावर एक पडलेल्या छऱ्यांनी कापलेले एक भोक असते. या कार्डावर क्रमांक होता आणि तो पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळतही होता. परंतु तारखेच्या जागी शाई उडून निळसर डाग तेवढा उरला होता. रावसाहेबांनी ते कार्ड उजेडाकडे धरून इतक्या अंगांनी फिरवले की, मला त्यांच्या हातून गेलेल्या हजारो खरेदीखतांची आणि त्यांवरच्या अंगठ्यांची दया आली.

“राहू द्या ते,” मास्तर म्हणाले. “समजा तारीख निघाली. ती कशाची? नळी आणि यंत्रणा ज्या दिवशी शिकंज्यात होती त्या दिवसाची. त्यानंतर स्प्रिंग बदलली असेल, मूठ बदलली असेल, माशी आणि खाच बदलली असेल. तुम्ही एक जन्मतारीख शोधता आहात आणि पिस्तुलाला तशी एक तारीखच नाही. नळीचे वय निराळे, स्प्रिंगचे निराळे, सीलचे निराळे. त्यातही जे सर्वांत आधी म्हातारे होते ते बाहेरून दिसत नाही.”

“सीलबद्दल सांगा,” मी मध्येच म्हणालो. कारण या वादात मला खरा रस तेथे होता.

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. त्या काळच्या बऱ्याच जर्मन हवाई हत्यारांत जे कृत्रिम पदार्थाचे सील बसवले गेले, ते वापराने झिजत नाहीत इतके वयाने विरघळतात, ही गोष्ट त्यांनी ज्या तपशिलाने सांगितली ती येथे थोडक्यातच देतो. पेटीत जपून ठेवलेले, वर्षानुवर्षे न झाडलेले पिस्तूल म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्याच्या पोटात तो पदार्थ आधी मेणासारखा चिकट आणि मग बिस्किटासारखा भुसभुशीत होतो; नळीच्या मागल्या तोंडाशी तपकिरी कण दिसू लागले की उमजावे, आतली गादी गेली. अशा स्थितीत ते झाडत राहिले तर दट्ट्या उघड्या पोलादावर आपटतो. मास्तरांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, बोटावर गुंडाळून नळीच्या मागल्या तोंडात फिरवला आणि रावसाहेबांपुढे धरला. रुमालावर तांबूस भुकटीची एक पुसट रेघ उमटली होती.

“हा तुमचा दाखला,” ते म्हणाले. “यावर सही नाही, शिक्का नाही.”

रावसाहेबांना हे लागले. पण निवृत्त अधिकाऱ्याची हार इतक्या लवकर नोंदवायची नसते. त्यांनी छायाचित्रांचा लिफाफा उघडला आणि त्यातून दुसऱ्या नगाचे चित्र काढले. तो होता वाल्थरचा जीएसपी, १९६८ साली निघालेला, चापाच्या पुढे काडतुसांची पेटी असलेला, .२२ चा, पंचवीस मीटरच्या शर्यतीत ज्याने कित्येक पिढ्यांची सेवा केली तो. त्यांच्या चेहऱ्यावरची कळा बदलली.

“येथे तरी मला बोलू द्या. हे अग्निशस्त्र आहे, त्यामुळे जर्मन कायद्याप्रमाणे सरकारी परीक्षागृहात अधिक दाबाचे काडतूस झाडून त्याची कसोटी झालीच पाहिजे, आणि कसोटी झाली म्हणजे शिक्के आलेच. हे पाहा: गरुडाखाली ‘एन’, म्हणजे धूरहीन दारूची कसोटी. हे सांबरशिंग, म्हणजे उल्मचे परीक्षागृह. वाल्थरचा कारखाना युद्धानंतर तेथेच वसला. आणि ही दोन अक्षरे, ‘एच’ आणि ‘एफ’. ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, सी दोन, डी तीन, ई चार, एफ पाच, जी सहा, एच सात, आय आठ. मग जे गाळून के म्हणजे नऊ. एच सात, एफ पाच. १९७५! मास्तर, या लोकांनी तारीख लपवली नाही, नुसती कुलूपबंद केली, आणि किल्ली कोणालाही मिळेल अशा जागी टांगून ठेवली. याला म्हणतात राज्यकारभार!”

मला कबूल केले पाहिजे की, या क्षणी मी रावसाहेबांच्या बाजूचा झालो. कोठल्याशा तरुण कारकुनाने अर्धशतकापूर्वी हातोडीच्या एका ठोक्याने पोलादात उमटवलेली दोन अक्षरे कोल्हापूरच्या एका ओसरीवर बिनचूक वाचली जावीत, यात जो आनंद आहे तो नेमबाजीच्या आनंदापेक्षा निराळा असला तरी कमी प्रतीचा नाही. आणि ज्यांना जुनी नाणी किंवा मोडी रुमाल चाळण्याचा नाद आहे त्यांना तो निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

“वाचलेत छान,” मास्तर म्हणाले, “पण वाचलेत काय? १९७५ ही कसोटीची तारीख. उद्या त्याची नळी बदलली तर नव्या नळीची पुन्हा कसोटी होऊन तिच्यावर नवी अक्षरे येतील, आणि सांगाड्यावर जुनी राहतील. तेव्हा एकच जोडी वाचून थांबायचे नाही. नळीवरची आणि सांगाड्यावरची ताडून पाहायची. दोन्ही जुळल्या तर नळी मूळची, न जुळल्या तर बदलली केव्हा आणि का, हे विचारायचे.”

“ताडून पाहणे,” रावसाहेब समाधानाने म्हणाले, “म्हणजे माझेच शास्त्र. बाकी या नगाचा आपल्याला आज उपयोग नाही. याला परवाना हवा; आणि परवानाधारकाने परवानाधारकाला विकायचे झाले तरी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवून निदान ४५ दिवसांची मुदत जाऊ द्यावी लागते. मुलगी अजून लहान आहे. ते पुढचे पुढे.”

“आणि हे हवाई पिस्तूल?” मी विचारले.

“ते २०१६ च्या शस्त्र नियमांत बसते,” रावसाहेब म्हणाले. “२० ज्यूलपेक्षा अधिक जोर नको आणि नळी .१७७ पेक्षा मोठी नको, म्हणजे परवाना नको.”

मास्तरांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला: छरा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १४५ मीटरच्या आसपास, म्हणजे जोर सव्वापाच ज्यूलच्या घरात. रावसाहेबांनी तो आकडा तपासून पाहिला, आणि मग पिस्तूल देशात आले तेव्हा ते कोणाच्या नावे, कोणत्या सवलतीत आले, जकात भरल्याची पावती आहे काय, आणि ती सवलत पुढच्या विक्रीच्या आड येते काय, हे चार प्रश्न विक्रेत्यासाठी लिहून काढले. मास्तरांनी यावर काही टोमणा मारला नाही. कागदांचा हा भाग त्यांनाही पटतो. जप्त झालेल्या पिस्तुलाचा चाप कितीही गोड असला तरी तो ओढायला मिळत नाही.

तिसरा नग तारखेच्या बाबतीत सर्वांत फसवा निघाला. ते आजकालच्या पद्धतीचे, दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालणारे पिस्तूल होते: ना दांडा, ना स्प्रिंग, नळकांडे दोनशे बारपर्यंत भरा आणि झाडत बसा. या जातीच्या पिस्तुलात मुलींचा मोठा लाभ आहे, आणि मास्तरांनी तो लपवला नाही. २०१८ पासून मुलींच्या स्पर्धेतही मुलांप्रमाणे साठ फैरी असतात, शिवाय नेम जुळवण्याच्या फैरी वेगळ्या. फाइनवेर्कबाऊचा तो दांडा इतक्या वेळा ओढताना चौदा वर्षांच्या पोरीचा खांदा शेवटच्या वीस फैरींत बोलू लागतो.

“मग हेच घ्या,” रावसाहेब म्हणाले, “आणि पाहा, नळकांड्यावर तारीख स्वच्छ कोरली आहे! अलीकडची आहे. नग नवाच म्हणायचा.”

“नळकांडे अलीकडचे आहे,” मास्तर म्हणाले. “ते आट्यांवर फिरवून काढता येते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघाचा नियम असा की, नळकांडे मुदतीच्या आत असले पाहिजे आणि ती मुदत दहा वर्षांपलीकडे जात नाही. ती पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची. म्हणून जो कोणी स्पर्धा खेळत राहिला त्याने जुने नळकांडे टाकून नवे बसवले. नळकांड्याच्या तारखेवरून पिस्तुलाचे वय काढणे म्हणजे—”

“समजले,” रावसाहेब म्हणाले. “पण एक मान्य करा: येथे तारीख हाच माल आहे. मुदत संपलेले नळकांडे म्हणजे भरलेल्या दाबासकट पेटीत ठेवलेली जोखीम. या एका तुकड्याच्या बाबतीत तुमचा हात, तुमचा कान, काही कामाचे नाही. कागदच पाहावा लागेल.”

“कागद नव्हे, कोरीव तारीख.”

“माझ्या लेखी तोही कागदच.”

मास्तरांनी मान डोलावली. मला वाटते, या सबंध बैठकीत रावसाहेबांची सर्वांत पक्की बाजू हीच होती, आणि त्यांनी ती गरुडाच्या आणि सांबरशिंगाच्या वेळच्या मानाने किती थोड्या शब्दांत मांडली! विक्रेत्याने मात्र या तिसऱ्या नगाची किंमत इतकी सांगितली होती की, चर्चा आपोआप पुन्हा बनातीवरच्या पिस्तुलाकडे वळली.

तेथे मास्तरांनी आपली परीक्षा पुरी केली. पाचशे ग्रॅमचे वजन चापाला अडकवून पिस्तूल उचलले. चापाने वजन न सुटता पेलले, म्हणजे नियमाच्या किमान मर्यादेत बसले. मग क्लबात नेऊन, उशीवर टेकून, एकाच डबीतले सपाट तोंडाचे छरे दहा मीटरवरून झाडले. लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. छरे त्याच्या आसपास पडले खरे, पण कार्डावरच्या त्या एका भोकाशी त्यांचे काही नाते उरलेले दिसत नव्हते. दोन वर, एक खाली, मग तीन ठीक. “नळी उत्तम आहे,” मास्तर म्हणाले, “कारण चूक उभ्या रेषेत आहे. वेग कमीजास्त होतो आहे. गादी आणि स्प्रिंग.” आणि मूठ? आधीच्या मालकाने अक्रोडाची ती मूठ आपल्या रुंद पंज्यासाठी कानशीने तासून, जेथे अधिक तासली तेथे लांबी भरून पुन्हा घडवली होती. करंगळीच्या खाली त्या माणसाच्या घामाने लाकूड काळे पडले होते. परक्या हातासाठी घडवलेली मूठ नव्या नेमबाजाला जे खोटे वळण लावते ते मोडायला पुढे कष्ट पडतात. म्हणून मूठ नवी, हे मास्तरांनी वादाला जागा न ठेवता सांगून टाकले.

आता उरली किंमत. विक्रेत्याने पत्रात लिहिले होते की, पंचकोनाचा शिक्का नसल्यामुळे नग आरंभीच्या वर्षांतला, संग्राहकाच्या मोलाचा आहे, आणि त्याप्रमाणे रक्कम वाढवली होती. रावसाहेबांना मनातून ही वाढ रास्त वाटत असावी. कारण त्यांनी वाल्थरच्या एलपी ५३ ची हकीगत काढली. १९६३ सालच्या बाँडपटाच्या जाहिरातीसाठी शॉन कॉनरीची छायाचित्रे घ्यायच्या वेळी ठरलेले पिस्तूल कोणी आणलेच नाही, तेव्हा छायाचित्रकाराने आपल्याकडचे हे हवाई पिस्तूल त्याच्या हाती दिले. आणि २०१० साली लंडनच्या क्रिस्टीज्‌मधल्या लिलावात त्या नगाला पावणेतीन लाख पौंडांहून अधिक रक्कम आली.

“पाहा,” ते म्हणाले, “वंशावळ सिद्ध झाली की पोलादाचे सोने होते.”

“त्या घेणाऱ्याने त्यातून किती छरे झाडले?” मास्तरांनी विचारले. “वंशावळ ज्याला हवी त्याने तिचे पैसे द्यावेत. आपण नेमबाजीसाठी घेतो आहोत. आणि एक साधी गोष्ट लक्षात घ्या: हे पिस्तूल खरोखर १९६९ च्या आधीचे निघाले तर संग्राहकाच्या दप्तरी त्याची किंमत चढेल, माझ्या दप्तरी ती उतरेल. कारण तितके जुने सील म्हणजे गेलेलेच सील. तीच तारीख, रावसाहेब. तुम्ही ती बेरजेत धरता, मी वजाबाकीत.”

यावर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग जे ठरले ते दोघांच्या स्वभावांना शोभेसे ठरले. रावसाहेबांनी विक्रेत्याला लिहायच्या पत्राचा मसुदा केला. त्यात पिस्तुलाचा क्रमांक, नळीची स्थिती, चाचणीच्या कार्डाचा उल्लेख आणि आयातीच्या कागदांची मागणी. आणि खाली एक तक्ता, ज्यात नळी, दट्ट्याचे सील, नळीच्या तोंडाचे सील, स्प्रिंग, चाप व मूठ यांपुढे ‘मूळचे की बदललेले’ आणि ‘बदलल्यास केव्हा’ असे दोन रकाने. तो तक्ता पाहून मास्तर म्हणाले की हेच तर मी सांगत होतो. रावसाहेब म्हणाले की, सांगणे निराळे आणि रकान्यात मांडणे निराळे. मागितलेल्या रकमेतून दोन सील, स्प्रिंग आणि नवी मूठ यांचा खर्च वजा करून जो आकडा उरला तो मास्तरांच्या हस्ताक्षरात पत्राखाली लिहिला गेला.

विक्रेत्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. मास्तरांनी मात्र सील कोठून मागवायचे याची चौकशी सुरू केली आहे, आणि रावसाहेबांनी पत्राची नक्कल दप्तरी ठेवून तिच्यावर तारीख घातली आहे.